सहाही नमुन्यांत बुरशी

…आणि पुस्तक सापडलं कुठे, तर दिव्याखाली. म्हणजे कोणी अभ्यासाला बसलं होतं असं नाही हं, पिल्लांना ऊब द्यायचा जो दिवा असतो ना, त्याच्या स्टँडचा एक पाय आखूड आहे, त्या पायाखाली. चारशे बारा पानं, जाड पुठ्ठा, परीक्षेच्या आधी महिनाभर मी जे उशाशी घेऊन झोपले ते माझं डुकरांच्या आजारांवरचं पुस्तक, आणि त्याच्यावर लोखंडी पाय. मी म्हटलं, बाबा, हे काय? तर बाबा अगदी कौतुकाने म्हणतात, "बरोबर जाडीचं आहे गं. विटेवर डुगडुगत होता." आता यावर माणसाने काय बोलावं? पाच वर्षं कॉलेज केलं, त्यातली जाडी तेवढी घराच्या उपयोगी पडली. बोलले मी, नाही असं नाही, पण माझं ऐकतं कोण?

तर तुम्हाला सांगते, आमचं डुकरांचं फार्म आहे. आत्ताच नाक मुरडू नका, नाकापर्यंत यायचंय अजून. तीन शेड, बाबा खाद्य बघतात, हिशेब बघतात, आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ती दूधतोडीची खोली बघते. दूधतोड म्हणजे पिल्लांना आईपासून काढून वेगळं ठेवायचं आणि दुधावरून खाद्यावर आणायचं. ऐकायला दोन ओळींचं काम आहे, पण त्या आठवड्यात पिल्लाच्या जिवाचं काही खरं नसतं. आई गेली, दूध गेलं, पोटात कधी नव्हे तो कोरडा भरडा, शेजारी अनोळखी दहा जण, आणि लागते हगवण. पिवळी, पाण्यासारखी, शेपटीखालून थेट भिंतीवर. आलं का नाकापर्यंत?

आत्या ही खोली तीस वर्षं चालवते आहे आणि तिची पद्धत काय, तर करंगळी. हसू नका, खरं सांगते. दूध कधी तोडायचं हे ठरवायला आत्या पिल्लापुढे करंगळी धरते. पिल्लाने चाटून सोडून दिली तर म्हणते, "झालं मोठं, काढा." आणि चोखत राहिलं, सोडेना, तर म्हणते, "नाही गं, हा अजून आईच शोधतोय," की ते पिल्लू परत आईकडे. म्हणजे कुणाला अठ्ठावीस दिवस, कुणाला पस्तीस, एकेका महाशयांना चाळीस. नोंद नाही, तक्ता नाही. मी विचारलं, आत्या, तुझी करंगळी आजारी पडली तर? तर म्हणते, "दुसऱ्या हाताला आहे की."

मी रोज सांगायचे. जेवताना सांगायचे, वजनं करताना सांगायचे, बाबा अंघोळीला गेले की दाराबाहेरून सांगायचे. जगात लोक ठरलेल्या दिवशी दूध तोडतात, सगळी पिल्लं एकदम, चोवीस दिवसांनी, खोली धुऊन कोरडी करून. बाबा आतून म्हणायचे, "अगं पण…" आणि माझं डोकं फिरायचं. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट 'अगं पण' या दोन शब्दांपाशी येऊन मरते. मग मी काय करायला लागले, 'अगं' ऐकलं की निघून जायचे. 'पण'पर्यंत थांबायचंच नाही. फोनवर असले तर फोन ठेवून द्यायचे. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी एक दिवस बाबा म्हणाले, "बरं मॅडम. चार डुकरिणींची मिळून चाळीस पिल्लं आहेत. तुझ्या पद्धतीने काढ. ही जगवलीस तर दूधतोडीची खोली तुझी, आत्या विश्रांती घेईल. नाही जगवलीस तर तू शहरात नोकरी बघ, रोज जेवताना भांडण नको." आत्या जाळीला टेकून उभी होती, करंगळी एका पिल्लाच्या तोंडात. ते पिल्लू सगळ्यांत लहान, पोट गोल आणि पाय नावापुरते, आम्ही त्याला बटण म्हणायचो. बटण चोखतंय, चोखतंय, सोडायला तयार नाही. आत्या एवढंच म्हणाली, "याला तरी राहू दे." मी म्हटलं, एकाला राहू दिलं की पद्धत राहिली कुठे? चोवीस म्हणजे चोवीस. काढलं त्यालाही.

तीन दिवस दृष्ट लागावी असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं आणि उघडल्याबरोबर कळलं. बघावं नाही लागलं. नऊ पिल्लं ढुंगणापासून टाचेपर्यंत पिवळी, एक भिंतीला डोकं लावून उभं, जणू शिक्षा केलीय. आता घरातल्या मोठ्या माणसांनी काय करावं? उपाय? छे. आमच्याकडे आधी मतं निघतात. आत्या: "लवकर तोडलंस." बाबा: "नवीन खाद्य मानवलं नाही, मी म्हटलंच होतं." ते कधी म्हटलं होतं ते त्यांनाच ठाऊक. आणि डॉक्टर, म्हणजे जनावरांचे, ते दारातूनच वाकून बघतात, बुटाला घाण लागायला नको म्हणून, आणि म्हणतात, "होतंच." वीस वर्षं ते एवढंच म्हणतात. पाय मोडला, होतंच. ताप आला, होतंच. घरात त्यांना आम्ही होतंच डॉक्टर म्हणतो. जाताना म्हणाले, "उबेत ठेवा, कोरडं ठेवा, मीठ-साखरेचं पाणी पाजा." मी मनात म्हटलं, एवढं तर माझी आत्याही सांगते, त्याला डॉक्टर कशाला?

मी म्हटलं, कारण शोधू. नमुने तपासायला पाठवू. तीन आजारी पिल्लांचे, तीन धडधाकट पिल्लांचे, म्हणजे तुलना करता येईल. सहा नळ्या भरल्या, झाकणं लावली, प्रत्येकीवर क्रमांक, तारीख, सुवाच्य अक्षरात. आत्या बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे तू गावोगाव पाठवणार? आपल्याच घरातून?" मी म्हटलं, थंड ठेवायला हवेत. आणि फ्रिजमध्ये ठेवले, दुधाच्या पातेल्यामागे. त्यावरून जे झालं ते मी सांगत नाही. बाबा दोन दिवस कोरा चहा प्याले.

आठ दिवसांनी निरोप आला, अहवाल तयार आहे, येऊन घेऊन जा. तोवर दोन पिल्लं गेली होती. भिंतीकडे तोंड करून उभं होतं ते, आणि त्याच्या शेजारचं. बाकीची बरी होत होती हो, खरंच सांगते, आत्या मला न विचारता बाटलीने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, गोणपाट शेकून अंगाखाली घालत होती, आणि नवातली पाच पिल्लं खाद्याकडे वळली होती. मला ते दिसत होतं. पण मला गोणपाट नको होतं ना, मला कारण हवं होतं. कारण म्हणजे कसं, लिहिलेलं, शिक्का मारलेलं, जेवणाच्या टेबलावर आपटता येईल असं.

दोन तास बसमधून गेले. प्रयोगशाळेतल्या माणसाने खिडकीतून लिफाफा सरकवला, मी तिथेच जिन्यात उभी राहून फोडला. पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत: यीस्ट वर्गातील बुरशी सहाही नमुन्यांत आढळली. बुरशी! काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. दोन पिल्लं मेली होती आणि मला जिन्यात उभं राहून आनंद झाला. लावला फोन. "बाबा, बुरशी आहे. पोटात बुरशी. सांगत नव्हते मी? काहीतरी आहे म्हणून?" बाबा म्हणाले, "बुरशी? अगं पण…"

ठेवला मी फोन.

आता तुम्ही हुशार माणसं, तुमच्या लक्षात आलं असेल. सहाही नमुन्यांत. त्यातली तीन पिल्लं धडधाकट होती. आणि अहवालाला दुसरं पान होतं. ते मी कधी उलटलं, तर परतीच्या बसमध्ये, खिडकीजवळची जागा मिळाल्यावर, सावकाश. दुसऱ्या पानावर काय? की ही बुरशी दूध तुटल्यावर पिल्लांच्या आतड्यात वाढतेच, ती तिथली रहिवासी आहे. की आमच्या नमुन्यांत ती आजाऱ्यांपेक्षा धडधाकट पिल्लांत जास्त सापडली. की हगवणीचं कारण तिला म्हणता येत नाही. हगवणीला नेहमीचा, गोठ्यात-शेडात असतोच तो जिवाणू सापडला, आणि सल्ला काय, तर पिल्लं उबेत ठेवा, कोरडी ठेवा, पाणी पाजा, आणि अशक्त पिल्लांचं दूध तोडायची घाई करू नका. शिक्का मारून. म्हणजे दोन तास बसने जाऊन मी आत्याला आणि होतंच डॉक्टरांना लिफाफ्यात घालून घेऊन आले होते.

मी फोन लावला. कोणी उचलेना. परत लावला. चौदा वेळा. शेजारची बाई म्हणाली, "कुणी आजारी आहे का घरी?" मी काय सांगणार? हो, अडतीस जण? फोन कोणी उचलत नव्हतं, कारण फोन ओट्यावर होता आणि घरातली सगळी माणसं शेडमध्ये होती. आणि शेडमध्ये ती काय करत होती? माझं ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

हे बघा, चूक त्यांची नव्हती. मी म्हटलं बुरशी, पोटात. आता साध्या माणसाला बुरशी म्हटल्यावर काय दिसतं? भिंतीवरचा हिरवा डाग दिसतो, शिळ्या पावावरची लव दिसते. मला बुरशी म्हटल्यावर सूक्ष्मदर्शकाखालची छोटी गोल पेशी दिसते. शब्द एकच, आणि मी तो दोन तासांच्या अंतरावरून फेकला आणि 'पण' ऐकायलाही थांबले नाही. बाबा काय विचारणार होते ठाऊक आहे? मग मला म्हणाले ते. "अगं पण खाद्यात की पिल्लात, एवढंच विचारायचं होतं गं. म्हटलं, तू घाईत असशील. मग दोन्हीकडची काढली."

दोन्हीकडची काढली. शेडच्या बाहेर खाद्याची पोती उलटी केलेली, चांगला भरडा चिखलात. दारं-खिडक्या सताड उघड्या, गार वारा आरपार. आत्या या वयात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फरशी खराट्याने घासतेय, पाण्याचा पाइप बाबांच्या हातात. भिंती धुतल्या, जाळ्या धुतल्या, पिल्लंसुद्धा धुतली, एकेकाला धरून, कानामागून, बुरशी राहायला नको म्हणून. चारांपैकी तीन दिवे फुटलेले, तापलेल्या काचेवर गार पाणी उडलं आणि फट्. आणि पिण्याच्या पाण्यात मोरचूद. बुरशीवर मोरचूद, हे बाबांनी झाडांवर फवारताना पाहिलेलं. पाणी निळंशार. होतंच डॉक्टरांना विचारलं का? तर म्हणे, "विचारलं की. ते नको म्हणाले. आम्ही म्हटलं, आमची मुलगी शिकलेली आहे."

आणि तिघं-चौघं नाही, अडतीसच्या अडतीस पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसलेली, ओली, आणि त्या ढिगाचा थरथरणारा आवाज येत होता. आवाज म्हणजे जाळीचा, ती हलत होती म्हणून. आत्या मला बघून हसली. घाम पुसला. म्हणाली, "झालं बघ. तुझ्या बुरशीचं नावनिशाण ठेवलं नाही."

तुम्हीच सांगा, त्या तोंडावर दुसरं पान कसं वाचून दाखवायचं? मी नाही वाचलं. मी पिल्लं पुसायला घेतली. घरातले टॉवेल, चादरी, माझी कॉलेजच्या निरोपसमारंभातली शाल, सगळं आणलं. निळं पाणी ओतून दिलं. म्हटलं, औषध पुरे झालं आता. पण गार फरशीवर दोन-तीन तास काढलेली, भुकेली, पोट आधीच बिघडलेली पिल्लं ती. पहिल्या दिवशी सहा. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं, आत्याने मोजलं. अडतीसातली तेवीस गेली. बाबांनी मागे खड्डा खणला आणि खणताना एकदाही 'अगं पण' म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते हो. म्हणावं त्यांनी. रागवावं, नोकरी बघ म्हणावं.

आणि मग परवा. दुपारी जेवणं झाली, ताटं तशीच, आणि बाबा म्हणाले, "बस जरा." मी बसले. दुसरं पान माझ्या खिशात, घडी घालून घालून चार ठिकाणी फाटलेलं. मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचं. तेवढ्यात आत्या आली. हातात माझं पुस्तक. दिव्याखालून काढलेलं, पुसलेलं, पाण्याने फुगून दुप्पट झालेलं, तिने ते उन्हात एकेक पान उलटून वाळवलं होतं. तीस वर्षांत तिने कागदाला एवढं जपलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आमचीच चूक झाली गं. तू महिनाभर ओरडत होतीस आणि आम्ही उशीर केला. आधी ऐकलं असतं तुझं तर तेवीस जीव वाचले असते."

ऐकलंत? उशीर केला म्हणे.

मी म्हटलं, आत्या, नाही, बुरशीने काही नाही झालं. ती त्यांच्या पोटात असतेच. हे बघ, दुसरं पान. तुझं बरोबर होतं, तू पाणी पाजत होतीस, ऊब देत होतीस, त्याने ती बरी होत होती, मी फोन केला म्हणून… आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि बाबांना म्हणते, "बघ. आपल्याला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतेय." मी म्हटलं, अगं वाच तरी. तर म्हणते, "मला चष्म्यानेही दिसत नाही आणि तू सांगितलेलं मला पुरतं." मी पान बाबांपुढे धरलं. बाबांनी ते हातात घेतलं, शिक्का बघितला, आदराने घडी घातली आणि पुस्तकात ठेवून दिलं. न वाचता. मी पुस्तक उघडलं, म्हटलं, यात तरी असेल, हे तरी मानतील. आतड्यातल्या बुरशीवर चारशे बारा पानांत अर्धं पान, त्यावर स्टँडच्या पायाचा गंजका गोल, आणि गोलाच्या आत शेवटचं वाक्य: याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे.

"हं," बाबा म्हणाले, "खोली तुझी. तिन्ही शेड तुझी. आता सांग, पुढची पिल्लं किती दिवसांनी काढायची?"

मी म्हटलं, आत्याच्या करंगळीने. आत्या करंगळी देईल, सोडली तर काढायची, नाही तर पस्तीस, चाळीस, जेवढे दिवस लागतील तेवढे.

आत्या अशी लाजली, जणू मी तिचं काही जुनं प्रकरण काढलं. हात पदराखाली घेतला. म्हणाली, "पुरे गं थट्टा. करंगळी म्हणे. अडाणीपणा होता तो."

"चोवीस ना?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, नाही, बाबा, पस्तीस. "तू बोललेलं माझ्या लक्षात आहे," बाबा म्हणाले, "चोवीस म्हणजे चोवीस." आणि उठले, खोलीच्या दारावर फळा ठोकलाय नवीन, माझ्यासाठी, त्यावर खडूने मोठा आकडा काढला. चोवीस. खाली रेघ.

आत पंधरा पिल्लं आहेत. बटण त्यात आहे, कसं राहिलं ते विचारू नका, मलाही माहीत नाही. मी जाळीतून करंगळी आत घातली, आणि त्याने जी धरली, सोडेना. ओढून बघितली, सोडेना. तशीच उभी राहून ओरडले, आत्या, बाबा, या इकडे, बघा तरी, हा अजून चोखतोय. तर दोघं दारातून, फळ्याशेजारून, मान डोलावतात कौतुकाने, म्हणतात, "तू म्हणशील तसं, बाळा." आणि गेले जेवणाची ताटं उचलायला. मी म्हणते पस्तीस, दारावर लिहिलंय चोवीस, आणि लिहिलंय ते माझंच… जाऊ दे. माझं ऐकतं कोण?